फराळाच्या डब्यातले पाणी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या काठाने पसरलेल्या उमरखेड तालुक्यातून नैर्ऋत्य मोसमी वारे साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी फिरतात आणि त्यानंतर हवेतील बाष्प झपाट्याने उतरू लागते. भाद्रपदात बरणीतले मीठ ओलसर होते, भाजलेला पापड ताटात वाढेपर्यंत मऊ पडतो. आश्विन सरता सरता तेच मीठ मोकळे होते आणि पापडही बराच वेळ कुरकुरीत राहतो. मिठाच्या या वागण्यामागे एक नेमका आकडा आहे. एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावते त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, हे सांगणाऱ्या मापाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. ती सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते आणि त्याखाली उतरली की ओढलेले पाणी सोडून देते, त्यामुळे मिठाची बरणी घरातल्या घरात हवेच्या आर्द्रतेची वर्दी देत असते.

ऋतूचा हा उतार आणि घरातील कामांची गर्दी एकाच वेळी येतात. सोयाबीन मळणीयंत्रातून निघून पोत्यांत भरले जाते, कपाशीची पहिली वेचणी सीतादहीच्या विधीने सुरू होते, खरिपाची ज्वारी कणसात पक्की होत असते, ओलिताखालची हळद मात्र अजून शेतात हिरवीगार उभी असते. आणि घरात भुलाबाई, दसरा, कोजागरी, दिवाळी ओळीने येतात. या दिवसांत जे रांधले, भाजले, तळले आणि डब्यांत भरले जाते त्याच्या तळाशी एकच प्रश्न असतो: पदार्थातले पाणी किती काढायचे, किती ठेवायचे आणि जे ठेवले ते कशात अडकवून ठेवायचे.

पाण्याचे प्रमाण आणि पाण्याची उपलब्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अन्नविज्ञानात तुलनेने उशिरा स्पष्ट झाले. ऑस्ट्रेलियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या पदार्थात जिवाणू वाढतील की नाही हे त्यात एकूण पाणी किती आहे यावर ठरत नाही, तर त्यातले किती पाणी मोकळे आहे यावर ठरते. या मोकळेपणाच्या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात; शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ धरली जाते आणि पदार्थातील साखर, मीठ किंवा स्टार्च पाण्याला जितके धरून ठेवतात तितका हा आकडा खाली येतो. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत, बहुतेक बुरश्या ०.८० च्या खाली थांबतात आणि ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. कोजागरीच्या रात्री आटवलेले केशर-चारोळीचे दूध कितीही दाट झाले तरी त्याची जलक्रियाशीलता फारशी उतरत नाही, म्हणून ते त्याच रात्री पिऊन संपवायचे असते. चकली मात्र महिनाभर टिकते. खव्याच्या सारणाची करंजी आणि सुक्या खोबऱ्याची करंजी यांच्या टिकाऊपणातील फरकही याच मापाने उलगडतो.

विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या खेळात या विज्ञानाचा एक सुंदर प्रयोग दर संध्याकाळी होतो. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई बसते, मुलींची गाणी होतात आणि शेवटी घरच्या बाईने झाकून आणलेला खाऊ ओळखायचा असतो. डबा हलवला जातो, आणि खुळखुळ आवाजावरून आत शेव आहे, लाह्या आहेत की शंकरपाळे, याचा अंदाज मुली बांधतात. कोरडा पदार्थ आवाज देतो आणि ओला पदार्थ तो गिळून टाकतो, यामागे पदार्थाच्या आतील रचना असते. स्टार्चमधले पाणी पुरेसे कमी झाले की त्याचे लांबलचक रेणू जागच्या जागी गोठून काचेसारखी कडक, ठिसूळ अवस्था धारण करतात. असा पदार्थ दाताखाली वाकत नाही, तुकड्या-तुकड्याने फुटतो आणि प्रत्येक फुटीबरोबर एक सूक्ष्म आवाज निघतो. थोडे पाणी आत शिरले की रेणूंना हालचालीला वाव मिळतो आणि पदार्थ वातड होतो. जलक्रियाशीलता ०.३५ ते ०.५० च्या पट्ट्यात पोचली की बहुतेक तळीव व भाजीव पदार्थांचा कुरकुरीतपणा जातो, म्हणजे बुरशी येण्याच्या कितीतरी आधी चकली खाण्याजोगी राहत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बटाट्याचे चिप्स चावतानाचा आवाज वाढवून ऐकवला असता तेच चिप्स लोकांना अधिक ताजे आणि कुरकुरीत वाटले. कुरकुरीतपणा जिभेइतकाच कानानेही चाखला जातो, हे भुलाबाईच्या अंगणात कुणाला वेगळे सांगावे लागत नाही.

रोजच्या भाकरीत पाण्याचे काम याच्या उलट असते. गव्हाच्या कणकेत पाणी मिसळताच ग्लुटेन नावाच्या प्रथिनाचे लवचिक जाळे तयार होते, ज्वारीत ते होत नाही, म्हणून ज्वारीच्या पिठात आधणाचे पाणी घालतात. त्या उष्णतेने पिठातील काही स्टार्च फुगून चिकट बनतो आणि ग्लुटेनचे बांधणीचे काम करतो. तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या अंगावरून पाण्याचा हात फिरवला जातो तो ते अंग वाळून तडकू नये म्हणून. पलटल्यावर दोन्ही पदर बंद होतात आणि आतल्या पाण्याची वाफ, जिचे आकारमान मूळ पाण्याच्या सोळाशेपटीहून अधिक असते, भाकरीला फुगवते. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी जाते व भाकर थापताना चिरते, शिवाय पिठातील स्निग्धांश फुटून त्याला कडवट चव येते, म्हणून ज्वारी थोडी थोडी दळून आणण्याची जुनी रीत आजही योग्यच आहे.

शरदातील सर्वांत अवघड परीक्षा मात्र अनारशाची असते. तांदूळ तीन दिवस भिजत घालतात आणि रोज पाणी बदलतात. या काळात दाण्याच्या आतपर्यंत पाणी मुरते, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू सौम्य आंबवण करतात, आणि पाणी बदलल्यामुळे दुर्गंधी आणणाऱ्या जिवाणूंना जम बसवता येत नाही. मग तांदूळ कापडावर पसरून सुकवतात, पण पूर्ण वाळू देत नाहीत. हाताला किंचित दमट लागत असतानाच ते दळून, चाळून त्यात गूळ किंवा साखर मिसळतात आणि त्याचा गोळा काही दिवस झाकून ठेवतात. दमट पीठ घेण्यामागचे कारण याच टप्प्यावर कळते. वरून पाण्याचा थेंब न घालता पिठातल्याच ओलाव्यात साखर विरघळते, सुरुवातीला कोरडा वाटणारा गोळा सैल होतो, आणि साखरेने ते पाणी इतके घट्ट धरलेले असते की पीठ ओले असूनही ते आठवडेच्या आठवडे टिकते. ओलावा असूनही न नासणारे हे पीठ जलक्रियाशीलतेचे उत्तम उदाहरण ठरते, आणि ते स्कॉट यांच्या निबंधाच्या कितीतरी आधीपासून मराठी घरांतून सिद्ध होत आले आहे.

अनारसा तुपात सोडल्यावर दोन क्रियांची शर्यत सुरू होते. उष्णतेने साखर पातळ होऊन पसरू पाहते आणि त्याच वेळी तांदळाचा स्टार्च फुगून साचा धरू पाहतो. त्यात साखरेमुळे स्टार्च फुगण्याचे तापमान वर सरकते, म्हणजे स्टार्चला उशीर होतो. पिठात ओलावा किंवा गोड जास्त झाले तर साखर ही शर्यत जिंकते आणि अनारसा तुपात विरघळून पसरतो, ज्याला घरोघरी ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. अशा वेळी तांदळाचे कोरडे पीठ मिसळले जाते, तर गोळा फार घट्ट असल्यास केळ्याचा लहानसा तुकडा कुस्करून घालतात. दोन्ही उपाय पाण्याचे आणि स्टार्चचे प्रमाण सावरण्याचेच आहेत. शर्यत बरोबरीत सुटली तर निसटणारी वाफ अनारशाच्या अंगाला सुबक जाळी पाडते. खसखशीची बाजू वर ठेवून तो न उलटता, मंद आचेवर, झाऱ्याने तूप उडवत तळायचा असतो, कारण ती जाळी थंड होईपर्यंत अत्यंत नाजूक असते. पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्यामुळे उसाशी जवळचा संबंध असलेल्या या तालुक्यात गूळ आणि साखर दोन्ही वापरले जातात, पण त्यांचा परिणाम सारखा होत नाही: गुळात ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करा असल्याने तो हवेतले पाणी अधिक ओढतो, आणि याच शर्करांची प्रथिनांशी प्रक्रिया होऊन पदार्थ लवकर तांबूस होतो. या तांबूसपणाचा उलगडा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ मध्ये केला.

चकलीच्या बाबतीत तेलातले बुडबुडे सर्व काही सांगतात. ते बुडबुडे तेलाचे नसून चकलीतून निघणाऱ्या वाफेचे असतात, आणि आत पाणी शिल्लक असेपर्यंत चकलीच्या आतल्या भागाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकून राहते. आच मोठी ठेवली तर बाहेरचा भाग कोरडा होऊन लाल होतो, पण गाभ्यात पाणी राहते. पुढे डब्यात तेच पाणी आतून बाहेर सरकते आणि दोन दिवसांत चकली मऊ पडते. म्हणून रंगावर न जाता बुडबुडे शांत होण्याची वाट पाहणाऱ्या अनुभवी हाताचा निर्णय शास्त्रशुद्ध असतो. तळलेल्या पदार्थात तेल शिरते तेही बहुतांशी कढईतून बाहेर काढल्यानंतर, कारण तळताना बाहेर पडणारी वाफ तेलाला आत येऊ देत नाही आणि पदार्थ निवू लागताच आतली वाफ आकसून पृष्ठभागावरचे तेल आत खेचते. पदार्थ झाऱ्यावर काही क्षण निथळून लगेच चाळणीत काढला तर तेल खरोखरच कमी लागते. पूर्ण निवण्याआधी डबा बंद करू नये, कारण कोंडलेली वाफ झाकणाखाली पाणी होऊन पुन्हा पदार्थात उतरते. पोहे ऑक्टोबरच्या उन्हात टाकून मगच चिवड्याला घेतात, त्यामागेही हाच विचार आहे.

तेलाच्या निवडीलाही आधार आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, जे आहारात हितकर असले तरी हवेतील ऑक्सिजनशी फार लवकर संयोग पावते आणि खवट होते. म्हणून विदर्भाच्या ताटात जवसाची चटणी शोभते, पण टिकाऊ फराळ जवसाच्या तेलात तळणे योग्य नाही.

पाण्याचा हिशेब चुकला तर सगळी हानी चवीपुरती राहत नाही. परतीचा पाऊस लांबला की खरिपाची ज्वारी कणसातच बुरशीने काळी पडते, आणि काढणीच्या वेळी भिजलेल्या, नीट न वाळवलेल्या भुईमुगावर व मक्यावर अस्परजिलस फ्लेवस ही बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला घातक ठरणारे विष तयार करते. १९७४ च्या अखेरच्या महिन्यांत राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागांत अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाल्ल्याने काविळीची साथ पसरून शंभराहून अधिक माणसे दगावली. तीही शरदातलीच घटना होती. धान्य वाळले की नाही हे पाहण्यासाठी शेतकरी दाणा दाताखाली धरून फोडतो व कट्ट असा आवाज आला तरच पोते भरतो, ही पारख साधी असली तरी मोलाची आहे आणि ती घाईत सोडून देण्याजोगी नाही.

हे विष भाजून किंवा तळून पूर्णपणे नष्ट होत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असणे आवश्यक आहे. म्हणून दिवाळीच्या चिवड्यासाठी शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे किंवा चवीला कडू लागणारे दाणे बाजूला काढावेत आणि ते फुकट जाऊ नयेत म्हणून वाटून चटणीत घालू नयेत. ते ढेपेबरोबर गाई-म्हशींनाही घालू नयेत, कारण जनावराच्या पोटात गेलेले हे विष रूप बदलून दुधात उतरते.