असं का घडतं? : डाग पडला तरी कोड चालतो

जिंतूर असो वा गंगाखेड, बालभारतीचं पुस्तक वर्षभर दप्तरात राहिलं की पानं मळतात. तरी पानावरच्या क्यूआर कोडवर 'दीक्षा' अ‍ॅपचा कॅमेरा धरला, की त्या धड्याचं साहित्य उघडतं. डागाखालचं मोबाइलला कळतं कसं?

मुळात त्या चौकोनात व्हिडिओ नसतोच. असतो फक्त त्याचा पत्ता. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कोड कुठे आहे आणि कसा फिरलाय, ते सांगतात. म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी बिघडत नाही. मात्र हे कोपरेच फाटले, तर कठीण. उरलेल्या ठिपक्यांत पत्त्याबरोबर थोडा जादा हिशेबही भरलेला असतो. किराण्याच्या बिलावर एका जिनसाची किंमत पुसली, तरी बेरजेवरून ती काढता येते ना, तसंच. हा हिशेब भरपूर ठेवला, तर सुमारे ३० टक्के माहिती खराब होऊनही कोड वाचता येतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनवला. कारखान्यातल्या तेलकट हातांपुढे शाळकरी बोटं काय!

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं.

तुमच्या वर्गानं पाठाचा व्हिडिओ केला, तर त्याचा कोड छापताना भोवती चार ठिपक्यांएवढी कोरी जागा सोडा. नक्षीदार चौकट अगदी चिकटवली, तर कोड कुठे सुरू होतो तेच कॅमेऱ्याला कळत नाही.