वहीच्या पानाची सजावट



माझ्या आजीची एक वही माझ्याजवळ आहे. हातकागदाचे ताव दुमडून आणि घरींच शिवून तिनें ती केली होती. तिच्यांत लोणच्याचीं प्रमाणें आहेत, दुधाचे हिशेब आहेत, नातवंडांच्या जन्मवेळा आहेत. आणि मधून मधून, समासांत, तांबूस रंगाचे पानांचे ठसे आहेत. पिंपळाच्या पानाला गेरू लावून तें कागदावर दाबण्याची तिला हौस होती. ते ठसे आजहि काल उमटविल्यासारखे दिसतात. त्याच वहींतील एक पान मात्र मीं सजविलेलें आहे. त्या वेळीं मी आठ वर्षांची होतें. त्या पानावर आजीनें आपल्या माहेरच्या माणसांचीं नांवें लिहून ठेविलीं होतीं. मीं त्यावर हळदीच्या पाण्याचा हात फिरविला आणि एक सुकविलेलें फूल चिकटपट्टीनें बसविलें. आजीनें कौतुकानें तें पान कित्येक महिने खिडकीजवळ उघडें ठेविलें. उन्हानें हळदीचा रंग उडून गेला. चिकटपट्टी आधीं पिवळी आणि मग तपकिरी पडली. मोठेपणीं मी ती सोलून काढावयास गेलें, तों तिच्याबरोबर कागदाचा पापुद्रा आणि शेवटची ओळहि निघून आली. त्या ओळींत आजीच्या आजीचें नांव होतें. आतां तें आमच्या घरांत कोणालाच ठाऊक नाहीं.

वही सजविणें हा रिकाम्या वेळचा खेळ आहे असें पुष्कळांना वाटतें. मला तसें वाटत नाहीं. कोरें पान माणसाला भिवविते. नवी वही हौसेनें आणली जाते, पहिल्या पानावर सुरेख अक्षरांत तारीख पडते, आणि पुढें ‘चांगलें कांहीं सुचल्यावर लिहूं’ असें म्हणतां म्हणतां वर्ष उलटतें. ज्या पानावर आधींच रंगाचा एक हात फिरलेला आहे, कोपऱ्यांत एखादा ठसा उमटलेला आहे, तें पान परकें राहत नाहीं. तेथें लिहावयास हात धजतो. सजावटीचें पहिलें काम हें. तिचें दुसरें काम म्हणजे लिहिलेलें जपणें, निदान त्याला अपाय न करणें. हें दुसरें काम आपण विसरतों, म्हणून आज त्याविषयीं थोडें अधिक बोलणार आहें.

प्रथम कागद. आपल्याकडे जुन्नरचा आणि दौलताबादेजवळच्या कागझीपुऱ्याचा हातकागद एके काळीं नांवाजलेला होता. पुण्यांत १९४० सालीं हातकागदाची संस्था निघाली आणि या धंद्याला नव्यानें हात मिळाला. जुने कारागीर कागदाला खळ देत आणि मग तो गुळगुळीत दगडानें घोटीत. खळीमुळें कागदाचीं छिद्रें भरतात, शाई पसरत नाहीं; घोटल्यामुळें लेखणी अडखळत नाहीं. आज बाजारांत मिळणारा हातकागद पुष्कळदां सजावटीसाठींच केलेला असतो. त्याला खळ बेताचीच असते. म्हणून विकत घेतलेल्या तावाच्या एका कोपऱ्यावर शाईचा थेंब टाकून पाहावा. थेंब जागच्या जागीं वाळला तर कागद लिहिण्याजोगा. त्याला सर्व बाजूंनीं केंसासारखे तंतू फुटले तर तो वेष्टनास वापरावा.

दुसरी गोष्ट क्रमाची. रंगकाम आधीं आणि शिवण मागाहून. शिवलेल्या वहींत ओला रंग लावला तर ओल शेजारच्या पानांत उतरते आणि सारी वही पापडासारखी फुगते. चार ताव सुटे असतांनाच रंगवावे, पुरते वाळूं द्यावे, एक रात्र पाटाखालीं वजन ठेवून दाबावे; नंतर दुमडून एकांत एक घालावे, घडीवर तीन भोकें पाडावीं आणि दुहेरी दोऱ्यानें शिवावे. अशी एक जुडी होते. पहिल्या वहीस एवढी एक पुरे.

आतां प्रत्यक्ष सजावट. चित्रकला येणाऱ्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाहीं. ज्यांना सरळ रेघहि ओढतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं चार सोपे प्रकार सांगतें.

पहिला प्रकार मेणाचा. पांढऱ्या मेणबत्तीच्या तुकड्यानें कागदावर रेघा, वेल, ठिपके, जें हाताला येईल तें काढावें. तें दिसत नाहीं. मग वरून रंगाचें पातळ पाणी रुंद ब्रशानें फिरवावें. जेथें मेण आहे तेथें पाणी ठरत नाहीं, आणि न दिसणारी नक्षी पांढरी होऊन वर येते. मुलांना यांत मोठी गंमत वाटते. मात्र मेणावर शाईहि ठरत नाहीं. म्हणून मेणाचें काम समासांतच करावें, लिहिण्याच्या जागेंत करूं नये.

दुसरा प्रकार ठशांचा, आणि त्याचें सामान भाजीच्या टोपलींतच असतें. भेंडी आडवी कापली कीं पांच पाकळ्यांचें फूल तयार असतें. कांदा मधोमध कापला तर एकांत एक वर्तुळें मिळतात. बटाट्याच्या कापावर चाकूनें हवी ती आकृति कोरतां येते. कापलेली बाजू फडक्यानें टिपून कोरडी करावी, कारण तिचा रस रंगांत मिसळला तर ठसा पुसट येतो. बशींत ओल्या कापडाची चौघडी ठेवून तीवर रंग पसरावा. ही झाली ठशाची गादी. ठसा गादीवर हलकेच टेकावा आणि कागदावर सरळ दाबून सरळ उचलावा. पहिले दोन ठसे रद्दी कागदावर घ्यावे. तिसऱ्यापासून हात बसतो.

तिसरा प्रकार आजीचा. पान एक दिवस जाड पुस्तकांत दाबून ठेवावें, म्हणजे तें सपाट होतें आणि त्याचें पाणी कमी होतें. पानाच्या पाठीवर शिरा उठावदार असतात. त्या बाजूस कापडाच्या बोळ्यानें अगदीं थोडा रंग लावावा, ती बाजू कागदावर ठेवावी, वर रद्दी कागद धरून बोटांनीं मधून कांठाकडे दाबीत जावें. रंग अधिक झाला तर नुसता डाग पडतो. बेताचा असला तर एकेक शीर उमटते. पिंपळाचें पान नवशिक्यास फार चांगलें. बाजूस स्थळ आणि तारीख घातली, तर कोणत्या प्रवासांत कोणत्या झाडाखालीं बसलों होतों याची ती नोंदच होते.

चौथा प्रकार खळीच्या कागदाचा. हा थोडा खटाटोपाचा, पण सर्वांत देखणा. युरोपांतील पुस्तकबांधणी करणारे हा कागद करीत, आणि जर्मनींतील हेर्नहुट येथील धर्मभगिनींनीं अठराव्या शतकांत केलेले असले कागद आजहि वाखाणले जातात. पेलाभर पाण्यांत दोन मोठे चमचे मैदा कालवून मंद आंचेवर ढवळीत शिजवावा. दाट कढीसारखा झाला म्हणजे उतरून, निववून, फडक्यांतून गाळावा आणि त्यांत रंग मिसळावा. ताव किंचित् ओला करून त्यावर ही रंगीत खळ सारखी पसरावी, आणि ती ओली आहे तोंच तींतून जुनी फणी, काटा किंवा नुसतीं बोटें ओढावीं. लाटा, शिंपले, जाळ्या, हवें तें निघतें. मनासारखें झालें नाहीं तर पुन्हां ब्रश फिरवून पुसावें. खळ वाळेपर्यंत चूक ही चूकच नसते. हा कागद लिहिण्याचा नव्हे. वहीचें वेष्टन किंवा दोन महिन्यांमधील आडपान म्हणून तो वापरावा. एक दोष सांगावयास हवा: मैद्याच्या वासानें कसर आणि झुरळें येतात. म्हणून थर पातळ द्यावा, खडखडीत वाळवावा, आणि वहींत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची जुनी चाल सोडूं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतें. फारसी आणि हिंदुस्थानी हस्तलिखितांत मजकुराभोंवतीं रंगीत रेघांची चौकट आंखण्याची रीत होती. त्यांतील हिरवी रेघ पुष्कळदां जंगालाची, म्हणजे तांब्याच्या कळंकाची असे. दिसावयास ती पाचूसारखी. पण तांब्याचा तो क्षार वर्षानुवर्षें कागद खात राहतो. कागद प्रथम रेघेखालीं तपकिरी पडतो, मग ठिसूळ होतो, आणि शेवटीं चौकटीच्या रेघेवरच तुटतो. मग खिडकीचें दार निखळून पडावें तसा आंतील सारा मजकूर पानांतून सुटून निघतो. शोभेसाठीं घातलेल्या चौकटीनेंच अक्षराला घराबाहेर काढलें, असें तें झालें. माझ्या चिकटपट्टीची जात हीच.

तेव्हां टिकतें काय आणि टिकत नाहीं काय, हें जाणून घेतलें पाहिजे. ढोबळ नियम असा कीं, मातीचे आणि काजळीचे रंग राहतात. फुलांचे आणि भाज्यांचे बहुधा उडतात. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज मिसळलेली माती. तो आधींच गंजलेला. ऊन त्याचें आणखी काय बिघडविणार? काजळी म्हणजे निव्वळ कोळसा. अजिंठ्याच्या भिंतींवर सुमारें दीड हजार वर्षें टिकून राहिलेले तांबडे, पिवळे आणि काळे रंग अशाच माती-काजळीचे आहेत. उलट हळद, बीट, पळसाचीं फुलें यांचा रंग आज झळकतो आणि उन्हांत कांहीं दिवसांत फिका पडतो. शिवाय हळदीला चुन्याचा किंवा साबणाचा स्पर्श झाला तर ती तांबडी होते. हा चमत्कार मुलांना अवश्य दाखवावा, पण सुट्या कागदावर. जपून ठेवावयाच्या पानावर नव्हे.

गेरूचा रंग घरीं करणें कठीण नाहीं. गेरू कुटून पाण्यांत ढवळावा, क्षणभर थांबावें. खडे तळाशीं बसतात, वरचें तांबडें पाणी दुसऱ्या भांड्यांत ओतून घ्यावें. तें निवळलें म्हणजे तळाशीं लोण्यासारखा गाळ राहतो. त्यांत बाभळीच्या डिंकाचें पाणी मिसळावें. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला, तडे गेले तर अधिक झाला. चिकटविण्याच्या कामीं चिकटपट्टी कधींच नको; मैद्याची पातळ खळ उत्तम, कारण ती पुढें पाण्यानें मऊ करून सोडवितां येते. आणि रंग, मेण, फूल, जें काय लावावयाचें तें समासांत. मधली जागा अक्षरांची. आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांनीं मोठे समास उगीच सोडलेले नाहींत. पानाची कड हाताळून झिजते, पाण्यानें भिजते, किडीच्या तोंडीं पडते. समास तें सारें सोसतो आणि आंतील ओळ वांचते.

शेवटीं चुकांविषयीं दोन शब्द. आपल्या भाषेंत ‘हरताळ फासणें’ असा वाक्प्रचार आहे. पोथी नकलतांना अक्षर चुकलें कीं लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि त्यावर पुन्हां लिहीत. आज त्या वाक्प्रचारांत केवळ नाशाचा अर्थ उरला आहे; मुळांत ती दुरुस्ती होती. हरताळ विषारी, त्याला आपण हात लावूं नये. पण ती युक्ति घ्यावी. शाई सांडली, ओळ बिघडली, तर पान फाडूं नये. त्या जागीं हातकागदाचा लहानसा तुकडा खळीनें डकवावा आणि त्यावर एक ठसा उमटवावा. वहींतील अशीं ठिगळेंच पुढें अधिक बोलकीं ठरतात.

आजीच्या वहींतील तें फाटकें पान मीं अजून तसेंच ठेविलें होतें. हें भाषण लिहावयास बसण्यापूर्वीं मीं त्यावर मागून पातळ कागद लावला आणि समासांत गेरूचें एक पिंपळपान उमटविलें. गेलेली ओळ परत येणार नाहीं. पण त्याखालीं माझ्या आईचें आणि तिच्या आईचें नांव मीं काजळीच्या शाईनें लिहिलें आहे, आणि आणखी नांवांपुरती जागा खालीं कोरी ठेविली आहे. आपणहि या सुट्टींत एक लहानशी वही शिवा. पहिल्या पानाच्या कोपऱ्यांत एक ठसा उमटवा, आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला जवळ बसवून त्याच्या आजीचें नांव विचारा. लिहावयास काय घ्यावें, हा प्रश्न मग उरणार नाहीं.