सर्व हक्क कुणाच्या स्वाधीन?

दहिसरमध्ये एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की आजोबांचे कपाट रद्दीवाल्याच्या काट्यावर येते. नाटके, कादंबऱ्या, अभंगांच्या गाथा, सगळे किलोच्या भावात. शीर्षकपान उलटले की मागे बहुधा तीच ओळ असते : ‘सर्व हक्क ग्रंथकर्त्याच्या स्वाधीन’. ग्रंथकर्ता जाऊन शंभर वर्षे झालेली असतात, छापखानाही कधीच बंद पडलेला असतो, तरी हक्क स्वाधीनच.

ती ओळ खरी आहे का, हे पाहायला पुस्तकापेक्षा लेखकाच्या मृत्यूचे साल जास्त उपयोगी पडते. १९५७च्या भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा कॉपीराइट तो वारल्यानंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षे टिकतो. आवृत्ती पहिली की पंचविसावी, याने फरक पडत नाही. ओळ छापायची राहिली म्हणून हक्क जात नाही. तशीच, मुदत संपल्यावर ती छापली म्हणून तो परतही येत नाही.

ही साठ वर्षे मूळची पन्नास होती. वाढीव दहा वर्षांमागे रवींद्रनाथ टागोर आहेत. ते ७ ऑगस्ट १९४१ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या साहित्याचे हक्क १९९१ संपताना खुले होणार होते. हक्क शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठाकडे होते, आणि ते सुटू नयेत असे विश्वभारतीला वाटत होते. मुदत संपायला जेमतेम तीन-चार दिवस उरले असताना, २८ डिसेंबर १९९१पासून, वटहुकमाने पन्नासाची साठ झाली. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. एका कवीसाठी केलेली ही सोय देशातल्या सगळ्याच लेखकांना लागू झाली. माधव जूलियन १९३९मध्ये वारले. त्यांची कविता १९९०च्या पहिल्या दिवशी मोकळी झाली होती. भास्कर रामचंद्र तांबे गेले डिसेंबर १९४१मध्ये, टागोरांच्या मागोमाग. त्यांची कविता मात्र २००१ संपेपर्यंत अडकून पडली. ग्वाल्हेरच्या या कवीला शांतिनिकेतनामुळे दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली, ती कुणी न मागता. एकदा बसलेला टोल उठायला किती वर्षे लागतात हे दहिसर नाक्यावरून रोज जाणाऱ्याला सांगायला नको. तिथे लहान गाड्यांची सुटका ऑक्टोबर २०२४मध्ये झाली. टागोरांची मुदत पुन्हा वाढवली गेली नाही, एवढे तरी बरे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे उदाहरण घेतले की गुंता नीट दिसतो. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, तेव्हा २०११च्या जानेवारीपासून नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक कुणालाही छापता येते. आज दुकानात त्याच्या निरनिराळ्या प्रकाशकांच्या, निरनिराळ्या किमतींच्या आवृत्त्या शेजारी शेजारी दिसतात त्या म्हणूनच. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३चा. चित्रपटाची साठ वर्षे प्रदर्शनाच्या सालावरून मोजतात, म्हणून तो २०१३ अखेर मोकळा. पण त्यात यशवंतांची ‘आई’ ही कविता आहे, आणि यशवंत १९८५मध्ये वारले. वसंत देसाईंचे संगीत आहे. ते १९७५मध्ये गेले. म्हणजे संगीत २०३५च्या अखेरपर्यंत आणि कविता २०४५च्या अखेरपर्यंत राखीव. चित्रपट खुला आहे असे समजून त्यातले गाणे उचलणारा इथे सहज फसेल.

बहिणाबाई चौधरींची कथा आणखी वेगळी. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२मध्ये. लेखकाच्या मागे प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षे मृत्यूपासून धरत नाहीत, प्रकाशनापासून धरतात. म्हणून ही गाणी २०१३पासून सगळ्यांची झाली. त्या पुस्तकाला प्रस्तावना मात्र अत्र्यांची आहे, आणि अत्रे १९६९मध्ये गेले. गाणी खुशाल छापावीत; प्रस्तावनेसाठी २०३०ची वाट पाहावी.

याच नियमाचा सर्वांत मोठा परिणाम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनावर झाला आहे. ६ डिसेंबर १९५६ हा दिवस धरला तर त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले सारे २०१७पासून खुले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७मध्ये, त्यांच्या पश्चात आले. त्याला एक वर्ष जास्त. पण पेटीत राहिलेली हस्तलिखिते महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली खंडांतून काढली, आणि ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापून आले ते थेट १९८७मध्ये. त्यावरून वादळ उठले, मोर्चे निघाले. कॉपीराइटकडे तेव्हा कुणाचे लक्ष असेल असे वाटत नाही. हिशेबाने त्याची मुदत २०४७ संपेपर्यंत चालते. एकाच माणसाचे लेखन, आणि एका भागाला दुसऱ्यापेक्षा तीस-एकतीस वर्षे जास्त.

मग तुकोबांच्या गाथेवर ‘सर्व हक्क सुरक्षित’ कशाला? अभंगांवर तर कुणाचाच हक्क नाही. पण अर्थ सांगणारी टीप, प्रस्तावना, शब्दकोश, मुखपृष्ठावरचे चित्र यांचा हक्क ते नव्याने करणाऱ्याकडे असतो, आणि प्रकाशक ती एक ओळ सगळ्या पुस्तकावर पांघरतो. मुंबई सरकारने १९५०मध्ये काढलेली गाथा शासकीय प्रकाशन म्हणून साठ वर्षे राखीव होती. २०१०नंतर तीही मोकळी आहे. ब्रिटनमध्ये पानाच्या नुसत्या जुळणीलाही पंचवीस वर्षांचे संरक्षण मिळते. भारतात तसले काही नाही. जुना मजकूर नव्या टाइपात बसवल्याने मालकी येत नाही, हे पुष्कळ प्रकाशकांना ठाऊक असते. तरी ओळ राहते. जुन्या आवृत्तीवरून नवी छापताना ते पान कुणी वाचत नाही, आणि दरडावून लिहिलेले असले की चार लोक बिचकतात, हाही फायदाच. अशा बिचकणाऱ्यांसाठी कायद्यात कलम ६० आहे. कॉपीराइटच्या नावाने कुणी बिनबुडाची धमकी दिली, तर ज्याला धमकी दिली तोच कोर्टात जाऊन मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकतो. मराठी पुस्तकव्यवहारात या कलमाचे नाव क्वचितच ऐकू येते.

मोठ्या नावांच्या तारखा कुणालाही काढता येतात. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी गेले, तेव्हा ‘माझी जन्मठेप’ २०२७च्या १ जानेवारीला खुली. अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९चे, म्हणून २०३०. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ २०३१. खांडेकरांची ‘ययाति’ २०३७. ‘गीतरामायणा’तले गदिमांचे शब्द २०३८मध्ये सुटतील आणि सुधीर फडक्यांच्या चाली २०६३मध्ये, मधली पंचवीस वर्षे नवी चाल लावण्याचे धाडस ज्याने त्याने करून पाहावे. पु. ल. देशपांडे २०६१.

खरी अडचण लहान नावांची आहे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९५०पर्यंतच्या पुस्तकांची नोंद मिळते, म्हणजे पुस्तक कधी निघाले ते कळते. कायदा विचारतो ते वेगळेच, लेखक कधी वारला. दोन रहस्यकथा लिहून पोस्टात निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या मृत्यूचे साल कुठे शोधायचे? त्याचे वारस पुण्यात असतील किंवा न्यू जर्सीत, आणि आपण कशाचे मालक आहोत याची त्यांना कल्पनाही नसेल. अशा पुस्तकांसाठी कलम ३१-अ आहे : लेखक सापडत नसेल तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, अर्ज करायचा, ठरेल ते मानधन भरून परवाना घ्यायचा. वीस रुपये किलोने विकत घेतलेल्या पुस्तकासाठी एवढी यातायात कोण करणार? सार्वजनिक वाचनालयाला एक सोपी वाट आहे. पुस्तक देशात विकत मिळत नसेल, तर आपल्या वापरासाठी त्याच्या तीन प्रती काढायला कायद्याची मुभा आहे, आणि त्यासाठी कुणाला विचारावे लागत नाही.