पहिली गिटार घेताना पुढच्या ग्राहकाचा विचार

पहिली अकूस्टिक गिटार सहसा आयुष्यभर जवळ राहत नाही. हात बसला की वरच्या दर्जाची हवीशी वाटते, आणि वाजवणं सुटलं तर ती कोपऱ्यात धूळ खाते. दोन्ही वेळा ती विकायला निघते. म्हणून दुकानात किंमत विचारतानाच ती पुढे किती परत देईल, हेही हिशेबात धरावं. समजा, ४,००० रुपयांची अनोळखी नावाची गिटार दोन वर्षांनी ८०० रुपयांना गेली आणि १०,००० रुपयांची नावाजलेली ६,५०० रुपयांना. पहिलीत ३,२०० गेले, दुसरीत ३,५००. फरक ३०० रुपयांचा, आणि तेवढ्यात दोन वर्षं सुरात राहणाऱ्या वाद्यावर बोटं फिरली.

अनोळखी गिटारीचा भाव का कोसळतो? तिची पारख करायला पुढच्या ग्राहकाकडे काही साधनच नसतं. बॅग, पट्टा आणि पिक फुकट मिळणाऱ्या रंगीत ३८ इंची गिटारी नव्याच इतक्या स्वस्त असतात की वापरलेलीला कुणी विचारत नाही. यामाहाच्या एफ३१० चं तसं नाही. कितीतरी क्लासांमध्ये सर तिचंच नाव सांगतात. जाहिरातीत मॉडेलचं नाव लिहिलं की घेणारा नव्या किमतीशी ताडून पाहतो आणि बोलणी थेट आकड्यावर येतात.

थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल, तर वरची फळी सलग लाकडाची आहे की प्लायची, हे पाहावं. एफ३१० ची फळी प्लायची आहे, एफजी८०० ची सलग स्प्रूसची. फेंडरच्या सीडी-६०एस मधला शेवटचा ‘एस’ सलग फळीसाठीच आहे, त्यामुळे जुनी घेताना हे अक्षर नीट वाचावं. खात्री करायची तर साऊंडहोलची कड जवळून पाहा. वरच्या लाकडाच्या रेषा जाडीतून सरळ खाली उतरत असतील तर फळी सलग, आडवे थर दिसले तर प्लाय. सलग फळीचा आवाज मोकळा असतो आणि तिला भावही चांगला येतो, पण ती हवेला नाजूक. गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणातल्या पावसाळ्यात फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसून तडा जाऊ शकतो. एवढी निगा होणार नसेल, तर चांगल्या प्लायची गिटार घेण्यात काही कमीपणा नाही.

खरी किंमत मात्र ठरते मानेवर, म्हणजे नेकवर. नेहमीच्या लाइट तारांच्या संचाचा सुरात लावल्यावरचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास जातो, आणि गिटार तो रात्रंदिवस सोसत असते. तपासणी पाच मिनिटांची आहे. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला मिळते त्या फ्रेटवर, सहसा चौदाव्यावर, एकाच वेळी दाबा. आता ती तार सरळ पट्टीचं काम करते. सातव्या फ्रेटपाशी तिच्याखाली व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट असली तर उत्तम. फट मोठी असेल तर मान पुढे वाकलेली, आणि तार टेकत असेल तर सपाट किंवा मागे गेलेली. मानेच्या आत पोलादी दांडी असते, ट्रस रॉड. ॲलन की लावून हा बाक जाणकार सुधारतो, त्यामुळे एवढ्यावरून सौदा सोडू नये.

सौदा सोडावा तो दुसऱ्याच कारणाने. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास उंची असली की बोटांना त्रास होत नाही. ती चार मिलिमीटर दिसली तर लगेच ब्रिजवरच्या सॅडलकडे, म्हणजे तारा टेकतात त्या पांढऱ्या पट्टीकडे, पाहा. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. म्हणून तिथे एक मिलिमीटर उतरवायचं तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. सॅडल भरपूर वर असेल तर काम सोपं आहे. ती आधीच लाकडाला टेकायला आली असेल आणि तारा तरीही उंच असतील, तर मान धडाशी ज्या कोनात बसवली आहे तो कोनच बिघडलेला असतो. ट्रस रॉडने तो सुधारत नाही. मान काढून पुन्हा बसवण्याचा खर्च स्वस्त गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. नवी गिटार घेतानाही हीच सॅडल पाहावी, कारण ती जेवढी शिल्लक, तेवढी पुढची दुरुस्ती शक्य.

जुनी घेताना ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. तो आत गेला तर ब्रिज सुटायला लागला आहे. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खोल खाचा पडल्यात का, हेही पाहा. बाराव्या फ्रेटवर तार दाबून आलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी ट्यूनर ॲपवर जुळला पाहिजे. ओरखड्यांना घाबरू नका. त्यांच्या नावाखाली भाव खुशाल पाडून मागा. मला विचाराल तर तपासून घेतलेली जुनी, ओळखीच्या मॉडेलची गिटार हीच सर्वांत शहाणी खरेदी. नवेपणाची घट आधीच्या मालकाने सोसलेली असते.

पुढे विकायची आहे हे धरून वापरायचं, तर स्टिकर चिकटवू नका आणि पिकअपसाठी धडाला भोक पाडू नका. साऊंडहोलमध्ये अडकवायचा पिकअप काढता येतो. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवली तर डिंक सैल पडतो आणि ब्रिज उचलतो. पावती आणि ॲलन की बॅगेतच असू द्या. विकताना नव्या तारा चढवा. फोटोंत साऊंडहोलमधलं लेबल आणि बाजूने दिसणारी सॅडल दोन्ही स्पष्ट येऊ द्या, कारण जाणकार ग्राहक आधी तेच मागतो.