जड आयनांच्या टकरी

सोने, शिसे यांसारख्या जड मूलद्रव्यांच्या अणूंवरील इलेक्ट्रॉन काढून टाकून उरलेली अणुकेंद्रे कणवेगवर्धकात जवळजवळ प्रकाशाच्या वेगापर्यंत नेतात व एकमेकांवर आदळवितात. टकरीच्या जागी क्षणमात्र निर्माण होणाऱ्या अत्युच्च तापमानास प्रोटॉन व न्यूट्रॉन जणू वितळतात आणि त्यांतील क्वार्क व ग्लुऑन (क्वार्कांना बांधून ठेवणारे कण) मोकळे होतात. द्रव्याच्या या अवस्थेस क्वार्क-ग्लुऑन आयनद्रायू (प्लाझ्मा) म्हणतात. विश्वाच्या आरंभीचे काही मायक्रोसेकंद सर्व द्रव्य याच अवस्थेत होते, असे मानतात. ती पुन्हा निर्माण करून तिचे गुणधर्म जाणणे हा या प्रयोगांचा मुख्य उद्देश होय.

क्वार्क एकटा कधीच आढळत नाही. मात्र क्वार्क अतिशय जवळ आले असता त्यांच्यातील प्रबल परस्परक्रिया क्षीण होते, असे डी. जे. ग्रॉस, एफ. विल्चेक व एच. डी. पोलिट्झर यांनी १९७३ मध्ये दाखविले. त्यावरून पुरेशा तापमानास क्वार्कांचे बंधन सुटावे, असे अनुमान निघाले. संगणकावरील गणितानुसार हे तापमान सुमारे १.८ लक्ष कोटी केल्व्हिन, म्हणजे सूर्याच्या केंद्राच्या तापमानाच्या लाखपटीहून अधिक आहे. द्रव्याला एक समान तापमान यावे यासाठी त्यातील कणांची आपसांत वारंवार टक्कर व्हावी लागते; म्हणून दोन प्रोटॉनांऐवजी शेकडो कणांची मोठी अणुकेंद्रे घेतात.

अमेरिकेत बर्कली येथे १९७४ मध्ये दोन वेगवर्धक जोडून तयार केलेल्या बेव्हालॅक या यंत्रावर या क्षेत्रातील आरंभीचे प्रयोग झाले. १९८६ पासून ब्रुकहेवन व जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळांत अधिक ऊर्जेच्या शलाका स्थिर लक्ष्यांवर सोडण्यात आल्या. स्थिर लक्ष्यात शलाकेची बरीचशी ऊर्जा सगळ्या अवशेषांना पुढे ढकलण्यातच खर्च होते. समोरासमोरच्या टकरीत ती जवळजवळ सगळी उपयोगी पडते. यासाठी ब्रुकहेवन येथे ३.८ किमी. परिघाचे दोन कड्यांचे यंत्र बांधण्यात आले व २००० मध्ये त्यात सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरी सुरू झाल्या. त्यापूर्वी १९९९ मध्ये अशा टकरीतून पृथ्वीला धोका पोहोचेल, अशी भीती व्यक्त झाली होती. तज्ञांच्या समितीने तिचे निरसन केले ते साध्या युक्तिवादाने : विश्वकिरणांतील लोहाची अणुकेंद्रे चंद्राच्या पृष्ठभागावर अब्जावधी वर्षे आदळत आहेत आणि चंद्र जागेवरच आहे. सर्नच्या २७ किमी. परिघाच्या यंत्रात नोव्हेंबर २०१० पासून शिशाच्या टकरी घडविण्यात येऊ लागल्या.

सर्न येथे प्रथम शुद्ध शिसे भट्टीत तापवून त्याची वाफ करतात. उगमस्थानी प्रत्येक अणूचे २९ इलेक्ट्रॉन निघतात. पुढे पातळ पत्र्यांतून जाताना ही संख्या ५४ आणि शेवटी ८२ होते. २०१५ मध्ये शिशाच्या दोन अणुकेंद्रांच्या टकरीची एकूण ऊर्जा १,००० लक्ष कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर गेली. रोजच्या मापाने ही ऊर्जा एक जूलच्या सहस्रांशाहूनही कमी भरते; तिचा प्रभाव आहे तो ती एका अणुकेंद्राएवढ्या जागेत एकवटण्यात. सापेक्षता सिद्धांतानुसार वेगवान अणुकेंद्र गतीच्या दिशेने आकुंचन पावते, त्यामुळे खरी टक्कर दोन गोळ्यांची नसून दोन भाकरींची असते.

निर्माण झालेली अवस्था सेकंदाच्या १०<sup>२२</sup> व्या भागाहूनही कमी काळ टिकते. तिच्याकडे थेट पाहता येत नाही. बाहेर उडालेल्या हजारो कणांचे मार्ग अभिज्ञातकांनी नोंदवून तिचे स्वरूप ताडावे लागते. यातील सर्वांत बोलका पुरावा वेगवान कणांच्या झोतांचा आहे. क्वार्कांची जोरदार ठोकर बसली की परस्परविरुद्ध दिशांना दोन झोत निघतात. सोन्याच्या समोरासमोरच्या टकरींत उच्च संवेगाचे कण अपेक्षेच्या सुमारे एक पंचमांशच आढळले व समोरचा झोत जवळजवळ नाहीसा झाला. हा मूळ अणुकेंद्राचाच परिणाम असेल, अशी शंका होती. ती तपासण्यासाठी २००३ मध्ये सोन्यावर ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन असलेले अणुकेंद्र) आदळविले, तेव्हा झोत शाबूत राहिले. प्रबल परस्परक्रियेत भाग न घेणारे फोटॉनही सोन्याच्या टकरींत अडत नाहीत, असे आढळले. तेव्हा झोत गिळणारे माध्यम टकरीनंतरच तयार होते, हे स्पष्ट झाले.

हे माध्यम विरळ वायूसारखे असेल, असा अनेकांचा अंदाज होता. तो चुकला. अणुकेंद्रे किंचित बाजूने आदळल्यास एकमेकांवर आलेला भाग बदामाच्या आकाराचा असतो. वायूतील कण मोकळेपणे उडून गेले असते तर या आकाराचा मागमूस राहिला नसता. प्रत्यक्षात बदामाच्या अरुंद बाजूच्या दिशेने अधिक कण बाहेर पडतात, कारण त्या दिशेने दाब अधिक झपाट्याने बदलतो. त्यावरून हे माध्यम अत्यल्प श्यानतेचा (चिकटपणाचा) द्रव आहे, असे ब्रुकहेवनच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये जाहीर केले. पुढे प्रोटॉनांच्या काही टकरींतही अशाच सामूहिक प्रवाहाच्या खुणा दिसल्या. इतक्या लहान थेंबालाही द्रव म्हणावे काय, हा प्रश्न वादग्रस्त आहे. जुलै २०२५ मध्ये सर्न येथे ऑक्सिजन व निऑन यांच्या अणुकेंद्रांच्या टकरी घडविण्यात आल्या, त्यांमागे हाही विचार होता.

या दोन्ही प्रयोगशाळांतील प्रयोगांसाठी फोटॉन मोजणारे अभिज्ञातक कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकाराने भारतात तयार झाले. या कार्यात मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचाही सहभाग होता. मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या द्रव्याच्या अवस्थांतराचे गणित संगणकाने केले गेले. पाणी व वाफ यांतील भेद जसा एका क्रांतिक बिंदूपाशी मावळतो, तसा बिंदू क्वार्क-द्रव्यातही असावा, असे हे गणित सुचविते. त्याच्या शोधासाठी ब्रुकहेवन येथे २०१० पासून टकरींची ऊर्जा मुद्दाम टप्प्याटप्प्याने कमी करून मोजमापे घेण्यात आली. जर्मनीत डार्मस्टाट येथे २०१७ मध्ये ज्या नव्या वेगवर्धकाचे बांधकाम सुरू झाले, त्याच्या उद्दिष्टांतही अशा उच्च घनतेच्या द्रव्याचा अभ्यास आहे.