किल्ली कोणाच्या हाती? : रुग्णालयाच्या संगणक-नोंदी आणि योग्य खात्याची निवड



वार्षिक अहवालाच्या या पानांवर आपण दरवर्षी नवी यंत्रसामग्री, झालेल्या शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांची माहिती वाचता. यंदा मात्र अशा एका कामाविषयी लिहावयाचे आहे, की ज्याचे छायाचित्र काढता येत नाही आणि ज्याची कोनशिलाही बसवता येत नाही. आपल्या रुग्णालयातील संगणकांवरील निरनिराळे प्रोग्रॅम रुग्णांच्या नोंदींच्या मुख्य भांडारापर्यंत, म्हणजे डेटाबेसपर्यंत, कोणत्या खात्याने पोहोचतात, हा तो विषय होय. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संगणकशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. म्हणून जे समजले ते हिशेबाच्या परिचित भाषेत मांडत आहे.

एक प्रसंग

आपले रुग्णालय धर्मादाय असल्याने महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवल्या जातात. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. या निधीच्या पैन्‌पैचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

मागे एका महिन्यात या निधीचा ताळमेळ बसेना. निर्धन म्हणून विनामूल्य उपचार मंजूर झालेल्या एका रुग्णाच्या खात्यावर निम्मे बिल येणे असल्याचे दिसत होते. तसे स्मरणपत्रही त्याच्या घरी गेले होते. रुग्णाचा थोरला भाऊ हातउसने पैसे घेऊन बिल खिडकीपाशी आला आणि ते भरून निघून गेला. आमच्या वैद्यकीय समाजसेविकेने मूळ अर्ज काढून दाखविला तेव्हा चूक उघड झाली. पैसे त्याच आठवड्यात परत केले. परंतु नोंद बदलली कोणी, हा प्रश्न शिल्लक राहिला.

डेटाबेसमधील नोंदवहीत बदलाची वेळ मध्यरात्रीनंतरची होती, आणि बदल करणाऱ्याच्या जागी 'एसए' ही दोन अक्षरे होती. त्या रात्री बिल खिडकीवर असलेल्या कर्मचाऱ्याकडे साहजिकच संशयाने पाहिले गेले. त्याला लेखी खुलासा विचारण्यात आला. तो निर्दोष आहे हे सिद्ध करता येईना, आणि दोषी आहे हेही सिद्ध करता येईना. कारण बिलिंग, औषधभांडार, प्रयोगशाळा आणि मासिक तक्ते हे सारेच प्रोग्रॅम त्याच एका 'एसए' खात्याने आत जात होते. एकाच सहीने साऱ्यांनी धनादेश काढावेत, तशी ती अवस्था होती.

पुढे डेटाबेसच्या प्रतीवर तपासणी केली असता कारण सापडले. महिनाअखेरीस रात्री आपोआप चालणारा तक्त्यांचा प्रोग्रॅम सवलतींची पुन्हा आकडेमोड करताना काही निर्धन रुग्णांना दुर्बल घटकांत धरीत होता, आणि तो आकडा मूळ नोंदीवर लिहून टाकीत होता. कोणाही माणसाचा त्यात हात नव्हता. ज्या प्रोग्रॅमने केवळ वाचावे, त्याच्या हाती आम्ही लिहिण्याची लेखणी दिलेली होती. त्या कर्मचाऱ्याची मी लेखी दिलगिरी व्यक्त केली आणि ते पत्र त्याच्या सेवापुस्तकात लावले. परंतु मधले दिवस त्याने कसे काढले असतील, याची भरपाई पत्राने होत नाही.

खाते म्हणजे काय?

खिडकीवरील कर्मचारी स्वतः डेटाबेसमध्ये शिरत नाही. तो आपल्या नावाने प्रोग्रॅम उघडतो, आणि त्याच्या वतीने प्रोग्रॅम आत जाऊन नोंद वाचतो किंवा लिहितो. प्रोग्रॅमलाही दारावर आपली ओळख द्यावी लागते. ही ओळख म्हणजे खाते. त्या खात्याला पाहणे, नवी नोंद घालणे, नोंद बदलणे, नोंद पुसणे, नोंदींचा आराखडाच बदलणे असे निरनिराळे अधिकार देता येतात.

व्यवहारात आपण कुलमुखत्यारपत्र आणि विशिष्ट कामापुरते मुखत्यारपत्र यांत भेद करतो. घर विकण्यापुरता अधिकार ज्याला द्यावयाचा, त्याला आपण शेत विकण्याचाही अधिकार देत नाही. संगणकशास्त्रातही हेच तत्त्व आहे. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली लिहिलेल्या निबंधात ते स्पष्टपणे मांडले: प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक व्यक्तीला कामापुरता आवश्यक तेवढाच, किमान अधिकार असावा.

चार पर्याय

पहिला पर्याय प्रशासक खात्याचा. मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरमध्ये याचेच नाव 'एसए', म्हणजे सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर. हे कुलमुखत्यारपत्र. प्रोग्रॅम बसविणाऱ्यास ते सोयीचे वाटते, कारण कोठेच अडत नाही. परंतु या खात्याचे नाव साऱ्या जगास ठाऊक असते. मे २००२ मध्ये 'स्पायडा' नावाच्या संगणक-किड्याने नेमके हेच केले. ज्या सर्व्हरवर 'एसए'चा पासवर्ड रिकामा ठेवला होता, तेथे तो सरळ आत शिरला. कोणताही दैनंदिन प्रोग्रॅम या खात्याने चालू नये.

दुसरा पर्याय कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्याचा. संगणक विभागातील एखाद्याच्या खात्याने प्रोग्रॅम चालविला, तर ती व्यक्ती नोकरी सोडून गेली अथवा तिने नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला, की प्रोग्रॅम बंद पडतो. शिवाय यंत्राने केलेले काम माणसाच्या नावावर नोंदले जाते. याउलट प्रत्येक कर्मचाऱ्यालाच डेटाबेसमध्ये थेट खाते द्यावे, तर कोणी काय केले याची नोंद उत्तम राहते. पण मग तोच कर्मचारी बिलिंगचा प्रोग्रॅम बाजूला ठेवून एक्सेलसारख्या साधनातून नोंदींना हात घालू शकतो, आणि प्रोग्रॅममधील मंजुरीचे सारे टप्पे चुकवू शकतो.

तिसरा पर्याय डेटाबेसमध्येच प्रोग्रॅमसाठी उघडलेल्या स्वतंत्र खात्याचा. त्याचे अधिकार मोजून देता येतात. जी यंत्रे आपल्या विंडोज डोमेनमध्ये सामील होऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी हाच मार्ग उरतो. यात उणीव एवढीच, की खात्याचा पासवर्ड प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये कोठेतरी ठेवावा लागतो. तिजोरीची किल्ली टेबलाच्या खणात ठेवण्यासारखेच हे; म्हणून तो खण तरी बंद असावा, मजकूर सांकेतिक रूपात असावा आणि पासवर्ड ठरावीक काळाने बदलावा.

चौथा पर्याय व्यवस्थापित सेवा-खात्याचा. विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्ये ही सोय प्रथम आली आणि विंडोज सर्व्हर २०१२ पासून एकच खाते अनेक सर्व्हरवर वापरता येऊ लागले. या खात्याचा लांबलचक पासवर्ड यंत्रणा स्वतःच तयार करते आणि मुळातील मांडणीनुसार दर तीस दिवसांनी बदलते. तो कोणाही माणसाला टंकलिखित करावा लागत नाही, ठाऊक असावा लागत नाही आणि कोठे लिहूनही ठेवावा लागत नाही. या खात्याने एखाद्या माणसाने संगणकासमोर बसून काम करावे, अशी त्याची योजनाच नसते.

आम्ही काय केले

वरील प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळे खाते देण्यात आले. डोमेनमधील सर्व्हरवर चालणाऱ्या बिलिंग, औषधभांडार आणि तक्त्यांच्या प्रोग्रॅमसाठी व्यवस्थापित सेवा-खाती घेतली. प्रयोगशाळेतील तपासणी यंत्रांना डेटाबेसमधील स्वतंत्र खाते दिले. त्यास केवळ तपासणीचे निष्कर्ष नव्याने घालता येतात, जुने बदलता येत नाहीत. मासिक तक्त्यांच्या खात्यास फक्त वाचण्याचा अधिकार आहे. उद्या त्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा तशीच चूक शिरली, तरी डेटाबेसच ते लिखाण नाकारील आणि तक्ता चुकीचा निघाला तरी रुग्णाचे बिल बदलणार नाही.

प्रोग्रॅम आपल्या खात्याने आत जात असला, तरी प्रत्येक नोंदीसोबत त्या वेळी खिडकीवर कोण होते त्या कर्मचाऱ्याचे नाव आणि वेळ लिहिली जाते. बदलांच्या या नोंदवहीत कोणत्याही प्रोग्रॅमच्या खात्याला भर घालता येते, खाडाखोड करता येत नाही. आपल्या शाईच्या रोजकीर्दीचाच हा नियम आहे. सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी निराळे खाते असून ते कामापुरते उघडले जाते व काम संपताच बंद केले जाते. 'एसए' खाते बंद ठेवले आहे. प्रशासकीय अधिकार दोन नामनिर्देशित अधिकाऱ्यांच्या स्वतंत्र खात्यांकडे असून त्यांच्या वापराची यादी दर तिमाहीस लेखापरीक्षकांपुढे ठेवली जाते.

हे सारे एका दिवसात झाले नाही. कोणत्या प्रोग्रॅमला नेमके काय लागते, याची यादी करण्यातच बराच काळ गेला. अधिकार कमी करताच दोन वेळा औषधभांडारातील पावती निघेना, आणि खिडकीवर रांग लागली. त्या दिवशी ताटकळलेल्या नातेवाइकांची मी येथे क्षमा मागतो.

याने काय साधत नाही

योग्य खाते निवडले म्हणजे सारी जोखीम टळली, असे नव्हे. अधिकार असलेल्या माणसाने चुकीचा आकडा लिहिला, तर खाते त्यास अडवीत नाही. त्यासाठी दुसऱ्या डोळ्यांची तपासणीच हवी. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या एम्समध्ये खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाल्याचे शासनाने संसदेत सांगितले, आणि बाह्यरुग्ण विभागापासूनची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. संगणकांचे जाळे योग्य रीतीने विभागलेले नसणे, हे त्यामागचे कारण सांगण्यात आले. म्हणजे भिंती, कुलपे आणि सुरक्षित प्रती ही सारीच आवश्यक असतात. आपल्या नोंदींची एक प्रत रुग्णालयाच्या जाळ्याबाहेर ठेवली जाते ती यासाठीच.

कायद्याचीही अपेक्षा आता तशीच आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती सांभाळणाऱ्या संस्थेवर वाजवी सुरक्षा-उपाय योजण्याचे कर्तव्य घातलेले असून, त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाच्या भयापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे.

देणगीदार आमच्यावर विसंबून पैसे देतात. रुग्ण आपला आजार, जो ते कित्येकदा सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगत नाहीत, आमच्यापाशी सांगतात. कर्मचारी तुटपुंज्या वेतनात रात्रपाळी करतात. या तिघांचाही विश्वास त्या नोंदींच्या भांडारात एकत्र ठेवलेला आहे. उसने पैसे घेऊन आलेला तो भाऊ आणि विनाकारण खुलासा लिहिणारा तो कर्मचारी, या दोघांना जे सोसावे लागले ते चुकीच्या हाती दिलेल्या एका किल्लीमुळे. आता ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्याकडे आहे.

ज्यांच्या देणगीतून संगणक विभागाचे हे काम पार पडले, त्यांनी आपले नाव कोठेही लावू नये, अशी विनंती केली होती. तिचा मान येथे राखला आहे.

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी