गोदामाविना दुकान: ड्रॉपशिपिंगमधली रोजची अनिश्चितता

दुकानदाराने माल आधी विकत घ्यावा, तो गोदामात साठवावा आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहावी, हा व्यापाराचा जुना क्रम ड्रॉपशिपिंग या पद्धतीत उलटा होतो. या पद्धतीत विक्रेता इंटरनेटवर दुकान मांडतो, वस्तूंची छायाचित्रे व किमती त्यावर लावतो, ग्राहकाची मागणी आधी स्वीकारतो आणि त्यानंतरच ती घाऊक पुरवठादाराकडे पाठवतो. पुरवठादार वस्तू बांधून थेट ग्राहकाच्या पत्त्यावर रवाना करतो आणि दोन किमतींमधला फरक विक्रेत्याच्या वाट्याला येतो. ज्या वस्तूवर त्याच्या दुकानाचे नाव असते, ती वस्तू त्याच्या हाताला बहुधा कधीच लागत नाही.

या पद्धतीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. गाळ्याचे भाडे नाही, पागडी नाही, पडून राहिलेल्या मालात अडकलेले भांडवल नाही, म्हणून नोकरीच्या शोधातला पदवीधर, घर सांभाळून काही कमावू पाहणारी गृहिणी किंवा पगाराला जोड शोधणारा कर्मचारी या धंद्याकडे वळतो. दुकान उभारण्याची साधनेही आवाक्यात आहेत: कॅनडातील ओटावा येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या शॉपिफायसारख्या सेवा मासिक शुल्क घेऊन जवळजवळ तयार दुकान हाती देतात. माल पुरवणाऱ्या पेठा चीनमध्ये यीवू आणि शेनझेन येथे, तर भारतात सुरतेचा कापडबाजार, दिल्लीचा सदर बाजार आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आहेत. मात्र साठ्याची जोखीम टळली म्हणजे जोखीमच टळली, असा जो समज या धंद्याच्या प्रचारातून पसरतो, तो खरा नाही. ती जोखीम जाहिरातीच्या खर्चात, परत येणाऱ्या पार्सलांत आणि दुसऱ्याच्या चुकीबद्दल द्याव्या लागणाऱ्या जबाबात विभागली जाते, आणि विखुरल्यामुळे ती मोजणे अधिक अवघड होते.

महाराष्ट्रातील बाजार समित्यांमधला अडत्याही शेतमाल स्वतः विकत न घेता विकून देतो आणि त्याची अडत घेतो. परंतु मालाचा ढीग त्याच्या डोळ्यांसमोर असतो, शेतकरी व खरीददार दोघेही त्याच्या ओळखीचे असतात आणि माल खराब असल्यास सौद्यापूर्वीच तो दिसतो. ड्रॉपशिपिंग करणाऱ्याला यांपैकी काहीच उपलब्ध नसते. पुरवठादाराने पाठवलेल्या छायाचित्रावर विश्वास ठेवून तो अनोळखी माणसाला शब्द देतो, आणि तो शब्द पाळणे मात्र पुरवठादार, कुरिअर कंपनी आणि जाहिरातीचे मंच अशा तीन परक्या यंत्रणांच्या हाती असते.

भारतातील अनेक विक्रेत्यांनी प्रारंभ चिनी मालाने केला होता. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत क्लब फॅक्टरी होते; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी ४३ अ‍ॅपवर बंदी आली, त्यांत अलीबाबा समूहाचे अलीएक्सप्रेस होते. या मंचांवर ज्यांचा पुरवठा अवलंबून होता, त्यांना एका सरकारी आदेशानंतर नवा पुरवठादार शोधावा लागला. त्या निर्णयामागील राष्ट्रीय सुरक्षेचा विचार हा स्वतंत्र विषय आहे. येथे महत्त्वाचे एवढेच की, ज्याच्याकडे स्वतःचा एकही नग नसतो, त्याच्याकडे अशा प्रसंगी चार दिवस विकण्यापुरताही माल उरत नाही.

देशातल्या देशात माल मागवून विकणाऱ्यांपुढचा सर्वांत दुखरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो वस्तू दारात आल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीतून, म्हणजे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’तून निर्माण होतो. ही पद्धत भारताला नवी नाही. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू केली आणि पोस्टमनच्या हाती पैसे देऊन पार्सल सोडवून घेण्याची सवय देशाला लागली. न सोडवलेली व्ही.पी. परत येणे म्हणजे काय, हे मराठी ग्रंथविक्रेत्यांना चांगले ठाऊक आहे. आजच्या धंद्यात या परतीला ‘आरटीओ’ म्हणतात. वाहनांच्या कार्यालयाशी याचा संबंध नाही. ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणजे पार्सल निघाल्या ठिकाणी माघारी येणे, याचे ते लघुरूप आहे. ग्राहकाने मन बदललेले असते, घरात रोकड नसते, पत्ता अर्धवट असतो, किंवा कुरिअरवाला प्रत्यक्षात गेलेलाच नसतो आणि तरीही ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो. कारण कोणतेही असो, जाण्याचे भाडे विक्रेत्याने भरलेले असते आणि येण्याचेही त्यालाच भरावे लागते.

म्हणूनच अशा दुकानदाराचा दिवस दुकानाची सजावट करण्यात जात नाही. आदल्या रात्री आलेल्या प्रत्येक मागणीसाठी फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘ऑर्डर आपणच दिली आहे ना’ अशी खात्री करून घेणे, अपुऱ्या पत्त्यांना खुणेची ठिकाणे जोडणे, वितरण न झालेल्या पार्सलांची यादी पाहून कुरिअर कंपनीला पुन्हा प्रयत्न करण्यास सांगणे, आणि पार्सलच्या वजनाचा वाद लढणे, ही त्याची खरी कामे असतात. वजनाचा वाद हा बाहेरच्यांना अपरिचित प्रकार आहे. कुरिअर कंपन्या केवळ प्रत्यक्ष वजन पाहत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला साधारणपणे ५,००० ने भागतात आणि येणारे किलोग्रॅम प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असतील, तर त्यांवर भाडे लावतात. पुरवठादाराने हाताशी आलेल्या मोठ्या खोक्यात छोटी वस्तू भरली, तर दुप्पट भाडे विक्रेत्याच्या नावावर पडते, आणि ते खोके त्याने पाहिलेलेही नसते.

या सगळ्याचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होतो. एक वस्तू १८ टक्के जीएसटीसह ६९९ रुपयांना विकली जाते, पुरवठादाराला करावाचून २०० रुपये द्यावे लागतात, पाठवणीला ७५ रुपये व परतीला ६० रुपये पडतात, आणि एक मागणी मिळवण्यासाठी जाहिरातीवर १५० रुपये खर्च होतात, असे धरू. शंभर मागण्यांपैकी २५ परत आल्या, तर उरलेल्या ७५ विक्रींतून ५२,४२५ रुपये येतात आणि कर वजा जाता सुमारे ४४,४२८ रुपये राहतात. विकलेल्या मालाचे १५,०००, परतीत खराब झालेल्या पाच नगांचे १,०००, पाठवणीचे ७,५००, परतीचे १,५०० आणि जाहिरातीचे १५,००० असे ४०,००० रुपये खर्ची पडले की हाती साडेचार हजारांच्या आत रक्कम उरते. आता २५ ऐवजी ३५ पार्सले परत आली आणि सात नग खराब झाले, असे मानले, तर कर वजा जाता जमा ३८,५०४ रुपयांवर येते, खर्च ३९,००० रुपये होतो आणि नफ्याच्या जागी सुमारे पाचशे रुपयांचा तोटा दिसतो. दुकानाचे मासिक शुल्क, फोन आणि स्वतःची मजुरी यांत धरलेलीच नाही. शंभरातली आणखी दहा माणसे दारातून ‘नको’ म्हणाली, एवढ्यावर महिन्याचा निकाल फिरतो.

त्यात पैसे येण्याचा आणि जाण्याचा काळ जुळत नाही. जाहिरातीचे पैसे आधी जातात, पुरवठादार माल सोडताना पैसे मागतो, आणि कुरिअर कंपनी ग्राहकाकडून घेतलेली रोकड काही दिवसांनी ठरलेल्या वारी विक्रेत्याच्या खात्यात भरते. परिणामी मागणी वाढली की खेळते भांडवल अधिक अडकते, आणि धंदा भरभराटीला आल्यासारखा दिसत असतानाच उद्याच्या जाहिरातीसाठी खात्यात पैसे नसतात. ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या पेमेंट गेटवे कंपन्याही तक्रारी वाढल्यास किंवा विक्री अचानक वाढल्यास तपासणीसाठी रक्कम रोखून धरू शकतात. घरखर्चातून काढलेल्या पैशांवर दुकान चालवणाऱ्या माणसासाठी असे पंधरा दिवस फार मोठे असतात.

जाहिरातीचा भाग याहून अधिक बेभरवशाचा आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील जाहिरातींची जागा लिलावाने ठरते. प्रत्येक क्षणी अनेक जाहिरातदार एकाच माणसाच्या नजरेसाठी बोली लावत असतात, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर तीच जाहिरात महाग पडू शकते. अ‍ॅपलने एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ या आवृत्तीत, वापरकर्त्याच्या हालचालींचा माग ठेवण्यापूर्वी अ‍ॅपने त्याची परवानगी घेणे सक्तीचे केले. व्यक्तीच्या खासगीपणाच्या दृष्टीने हा बदल योग्य होता, परंतु जाहिरात नेमक्या माणसापर्यंत पोहोचवण्याची यंत्रणा त्यामुळे अंधूक झाली आणि छोट्या जाहिरातदारांचा अंदाज चुकू लागला. शिवाय यश लपवता येत नाही. मेटा कंपनीच्या जाहिरात-संग्रहात चालू जाहिराती कोणालाही पाहता येतात. एखादी जाहिरात महिनाभर चालू राहिली, तर ती वस्तू खपते आहे असे इतर ओळखतात, त्याच पुरवठादाराकडून तीच वस्तू घेतात आणि पन्नास रुपये कमी किमतीत विकायला बसतात. ज्याच्याकडे स्वतःचे उत्पादन नाही, त्याच्याकडे या नकलेला अडवण्याचे साधनही नाही.

पुरवठादाराकडील साठ्याची माहिती बिनचूक नसणे, हा दोष अनुभवी व मोठ्या कंपन्यांनाही चुकलेला नाही. १९९९ मध्ये सुरू झालेल्या झॅपोस या अमेरिकी पादत्राण-विक्रेत्या कंपनीच्या प्रारंभीच्या काळात जोडे उत्पादकांकडूनच ग्राहकाला पाठवले जात. विक्रीचा सुमारे चौथा हिस्सा या मार्गाने होत असतानाही, मागवलेला जोडा शिल्लकच नसल्याचे नंतर कळते आणि ग्राहक दुखावतो, हे पाहून टोनी शे यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने २००३ मध्ये ही पद्धत बंद केली आणि सर्व माल स्वतःच्या गोदामातून पाठवण्याचे ठरवले. पुढे २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती कंपनी विकत घेतली. ज्या अडचणीमुळे तिने चालू विक्रीवर पाणी सोडले, तीच अडचण आजचा एकटा विक्रेता रोज क्षमायाचनेचे संदेश लिहून निभावत असतो.

कायदा मात्र त्याला मध्यस्थ म्हणून सूट देत नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे, आणि वस्तू सदोष किंवा जाहिरातीतील वर्णनाहून वेगळी असल्यास ती परत घेण्यास नकार देता येत नाही. कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व वस्तू कोणत्या देशात बनली हे दाखवावे लागते. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. करांच्या बाबतीत, राज्यातल्या राज्यात मालविक्रीला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः नोंदणीतून सूट असली, तरी परराज्यात माल विकणाऱ्याला पहिल्या विक्रीपासून जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. नाशिकचा विक्रेता, सुरतेचा पुरवठादार आणि बंगळूरूचा ग्राहक अशा व्यवहारात माल एकदाच प्रवास करतो, पण कायद्याच्या दृष्टीने दोन विक्री होतात आणि दोन बिले लागतात. ही बंधने जाचक वाटली, तरी ती आवश्यक आहेत, कारण फसलेल्या ग्राहकाला दाद मागण्यासाठी समोर कोणीतरी असावेच लागते.

परदेशी ग्राहकांना माल पाठवणाऱ्यांची स्थितीही स्थिर नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयातशुल्काची सूट चीन व हाँगकाँगच्या मालासाठी २ मे २०२५ पासून आणि सर्व देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ पासून संपली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सले काही आठवडे थांबवली होती. सूट गृहीत धरून ठरवलेल्या किमती त्यामुळे निरुपयोगी ठरल्या.

एवढी अनिश्चितता असूनही हा धंदा सोप्या पैशाचा म्हणून विकला जातो, ही गोष्ट गंभीर आहे. अभ्यासक्रम विकणारे प्रशिक्षक विक्रीच्या आकड्यांची छायाचित्रे दाखवतात. त्यांत परतीची पार्सले, जाहिरातीचा खर्च आणि कर दिसत नाहीत. आपोआप चालणारे दुकान उभारून देण्याचे आमिष दाखवणाऱ्या अनेक कंपन्यांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आहे. ड्रॉपशिपिंग ही फसवणूक नव्हे. मागणीचा अंदाज घेण्यासाठी ती उपयुक्त पायरी आहे, आणि जे टिकतात ते बहुधा खपणाऱ्या दोनचार वस्तूंचा थोडा साठा स्वतःकडे ठेवू लागतात, त्या हाताळून तपासतात आणि स्वतः बांधून पाठवतात, म्हणजे हळूहळू जुन्या अर्थाने दुकानदार होतात. या धंद्यात उतरू पाहणाऱ्याने अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी प्रशिक्षकाला शंभरातली किती पार्सले परत येतात हे विचारावे आणि उत्तर लेखी मिळाले नाही, तर पैसे खिशात ठेवावेत. खरेदी करणाऱ्या वाचकांकडेही एक विनंती करावीशी वाटते: मागवलेली वस्तू नको असेल, तर पार्सल निघण्यापूर्वी येणाऱ्या फोनवरच तसे सांगावे, कारण दारातून परत गेलेल्या खोक्याचे दोन्ही वेळचे भाडे अनेकदा अशाच एखाद्या छोट्या दुकानदाराला भरावे लागते.